असिनेल्लीच्या मनोऱ्यावरून: पडत्या गोळ्यांची साक्ष

ख्रिस्तसभा आणि विज्ञान हा विषय निघाला की संभाषण बहुधा दोनच वाक्यांत आटोपते. पहिले वाक्य, 'चर्चने गॅलिलिओचा छळ केला'. दुसरे, 'चर्चने पुढे आपली चूक कबूल केली'. दोन्ही वाक्ये खरी आहेत. २२ जून १६३३ रोजी रोममधील सांता मारिया सोप्रा मिनर्व्हा या डॉमिनिकन मठात सत्तरीला टेकलेल्या गॅलिलिओला गुडघे टेकून पृथ्वीच्या भ्रमणाचे मत सोडून द्यावे लागले. आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीपुढे केलेल्या भाषणात त्या प्रकरणातील तत्कालीन धर्मपंडितांची चूक उघडपणे मांडली. परंतु या दोन तारखांच्या मध्ये तीनशे एकोणसाठ वर्षे पसरलेली आहेत. त्या वर्षांत कॅथलिक धर्मगुरू आणि व्रतस्थ विज्ञानाच्या बाबतीत नेमके काय करीत होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. निंदकाला त्याची गरज वाटत नाही आणि समर्थकाला त्याचे उत्तर ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखात आम्ही त्या दीर्घ कालखंडातील एकच धागा उचलणार आहोत. तो धागा अगदी साधा आहे: हातातून सुटलेला गोळा कसा पडतो, आणि फेकलेला चेंडू कोणत्या वाटेने जातो? लगोरी खेळणाऱ्या मुलाला, गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला हे हाताने कळलेले असते. परंतु बुद्धीला ते कळावे म्हणून माणसाला दोन हजार वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याच्या मध्यावर, इटलीतील बोलोन्या नगरातील एका उंच मनोऱ्यावर, आपल्याला येशूसंघाचे दोन सदस्य हातात मातीचे गोळे घेऊन उभे असलेले दिसतात.

जुना गुरू आणि त्याचे शंकेखोर शिष्य

ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सांगून ठेवले होते की जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा आपल्या वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने पडते. फेकलेल्या वस्तूविषयी त्याचे म्हणणे असे की, हात सुटल्यानंतरही ती पुढे जाते याचे कारण भोवतालची हवा तिला ढकलीत राहते. हे मत मध्ययुगीन विद्यापीठांनी डोळे झाकून स्वीकारले, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. सहाव्या शतकातच अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती विचारवंत जॉन फिलोपोनस याने लिहिले की वजनांत पुष्कळ फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळांत त्या प्रमाणात फरक पडत नाही. तो असलाच तर फारच थोडा असतो. हवा वस्तूला ढकलते ही कल्पनाही त्याने नाकारली.

चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठातील जाँ बुरिदान याने असे प्रतिपादन केले की फेकणारा हात वस्तूमध्ये एक प्रकारची प्रेरणा भरतो आणि त्या प्रेरणेच्या बळावर ती पुढे जाते. त्याच विद्यापीठातील निकोल ओरेम, जे पुढे १३७७ मध्ये लिझ्यू येथील बिशप झाले, त्यांनी वाढत्या वेगाचे चित्र रेषा व त्रिकोण यांच्या साहाय्याने काढून दाखविले. सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पेनमधील डॉमिनिकन धर्मगुरू दोमिंगो दे सोतो यांनी पडत्या वस्तूचा वेग काळाबरोबर एकसारखा वाढत जातो, असे विधान केले. त्याआधी, १५३७ मध्ये, व्हेनिसमध्ये निकोलो तार्ताल्या याने तोफेच्या गोळ्याचा मार्ग रेखाटण्याचा प्रयत्न केला होता. परंतु त्याच्या चित्रात गोळा आधी सरळ जाई, मग कमानीत वळे आणि शेवटी सरळ खाली पडे.

१५८६ मध्ये नेदरलँड्समधील सिमोन स्टेव्हिन याने प्रत्यक्ष प्रयोगाचा वृत्तान्त छापला. एकाचे वजन दुसऱ्याच्या दहापट असलेले शिशाचे दोन गोळे सुमारे ३० फुटांवरून एका फळीवर टाकले असता दोघांचा आवाज एकच आल्यासारखा ऐकू आला, असे त्याने नमूद केले आहे. पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गॅलिलिओची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मात्र ती आपल्याला मिळते ती त्याचा अखेरचा शिष्य व्हिव्हियानी याने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रातून, आणि अनेक इतिहासकार तिच्याकडे साशंकतेनेच पाहतात.

गॅलिलिओचा नियम

गॅलिलिओचे खरे मोठेपण त्या मनोऱ्यात नसून एका उतरत्या पन्हळीत आहे. सरळ खाली पडणारी वस्तू डोळ्याला झेपत नाही, आणि त्या काळच्या घड्याळांना तर मुळीच नाही. म्हणून त्याने पडणे मंद केले. गुळगुळीत केलेल्या उतरत्या पन्हळीतून त्याने पितळेचा गोळा घरंगळत सोडला आणि भांड्यातून धारेने पडणारे पाणी तोलून वेळ मोजली. त्यातून त्याला जो नियम सापडला तो शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. वेळेचे समान भाग करा. पहिल्या भागात वस्तू जेवढे अंतर जाते त्याच्या तिप्पट दुसऱ्या भागात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात, नऊपट पाचव्यात. एक, तीन, पाच, सात, नऊ: विषम संख्यांची ही माळ १६०४ मध्ये त्याने आपले मित्र पावलो सार्पी या व्रतस्थांना लिहिलेल्या पत्रात दिसते.

फेकलेल्या गोळ्याचे कोडेही त्याने याच रीतीने सोडविले. गोळ्याच्या गतीत दोन गती मिसळलेल्या असतात आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आडवी गती एकसारखी चालू राहते. उभी गती मात्र वरील नियमानुसार वाढत जाते. मनोऱ्यावरून एक गोळा आडवा फेकला आणि त्याच क्षणी दुसरा नुसता हातातून सोडला, तर हवेचा अडथळा नसल्यास दोन्ही गोळे एकाच क्षणी जमिनीला टेकतील. एक पायथ्याशी, दुसरा दूरवर. या दोन गतींच्या मिश्रणातून जी वक्ररेषा तयार होते तिला गणितात अन्वस्त म्हणतात.

ही गोष्ट छापून प्रथम जगापुढे आणली ती मात्र गॅलिलिओने नव्हे. १६३२ मध्ये बोलोन्या विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक बोनाव्हेन्तुरा काव्हालिएरी यांनी आपल्या ग्रंथात ती प्रसिद्ध केली. काव्हालिएरी हे जेझुआट नावाच्या व्रतस्थ संघाचे होते; नाव सारखे वाटले तरी हा संघ जेझुइटांहून वेगळा होता आणि १६६८ मध्ये तो विसर्जित करण्यात आला. ग्रंथाची वार्ता ऐकून गॅलिलिओ दुखावला. अनेक वर्षांच्या श्रमाचे फळ दुसऱ्याने खुडावे याचे त्याला वाईट वाटले. काव्हालिएरी यांनी नम्रपणे कळविले की जे काही लिहिले ते आपण त्याच्याकडून आणि त्याचे शिष्य बेनेडिक्टाइन धर्मगुरू कास्तेल्ली यांच्याकडूनच शिकलो. गुरुशिष्यांचे मन पुन्हा जुळले. गॅलिलिओचा स्वतःचा ग्रंथ शिक्षा झाल्यानंतर, घरातच बंदिवास भोगत असताना पूर्ण झाला आणि १६३८ मध्ये इटलीबाहेर, लायडन येथे छापला गेला. ८ जानेवारी १६४२ रोजी तो निवर्तला तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती.

नियम मांडला गेला. परंतु तो खरा कशावरून? पन्हळीतून घरंगळणारा गोळा आणि उंचावरून मोकळा पडणारा गोळा एकाच नियमाने चालतात, हे कोणी पाहिले होते? गॅलिलिओने १६३२ च्या ग्रंथात लिहिले होते की लोखंडी गोळा १०० हात उंचीवरून ५ सेकंदांत पडतो. ही उंची आजच्या हिशोबाने सुमारे ५८ मीटर होते, आणि तेवढ्या उंचीवरून पडण्यास वस्तूला साडेतीन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे प्रमाणाचा नियम बरोबर, पण प्रत्यक्षातला आकडा चुकीचा, अशी स्थिती होती. कोणीतरी मनोरा चढणे आवश्यक होते.

येशूसंघीयांची मोजणी

जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली यांचा जन्म १५९८ चा, फेर्रारा येथील. सोळाव्या वर्षी ते येशूसंघात दाखल झाले, ईशज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकवू लागले आणि पुढे वरिष्ठांनी त्यांना खगोलशास्त्राच्या कामी नेमले. त्यांचे सहकारी फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी हे बोलोन्याचेच, वयाने वीस वर्षांनी लहान. हेच ग्रिमाल्दी पुढे, प्रकाशाचा किरण अडथळ्याच्या कडेशी किंचित पसरतो हे दाखवून, प्रकाशशास्त्रात अमर झाले. १६४० पासून पुढील दहा वर्षांत या दोघांनी वेळोवेळी जे प्रयोग केले त्यांचा वृत्तान्त रिच्चोली यांनी १६५१ मध्ये 'अल्माजेस्तुम नोव्हुम' या आपल्या प्रचंड लॅटिन ग्रंथात छापला.

रिच्चोली गॅलिलिओचे अनुयायी नव्हते, हे येथे ठळकपणे सांगितले पाहिजे. पृथ्वी स्थिर आहे असे ते मानीत. गॅलिलिओच्या पतननियमाविषयीही ते साशंक होते आणि प्रयोगातून तो खोटा ठरेल अशीच त्यांची अटकळ होती. मात्र अटकळीवर भागवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पहिली अडचण वेळेची होती. सेकंद दाखविणारे भरवशाचे घड्याळ तेव्हा अस्तित्वात नव्हते. ख्रिस्तियान हायगेन्सचे लंबकाचे घड्याळ १६५६ नंतरचे. रिच्चोली यांनी साखळीला धातूचा गोल टांगून लंबक केला आणि तो बरोबर एका सेकंदाला एक झोका घेईल असा त्याला साधू लागले. त्याची पारख आकाशाशिवाय दुसऱ्या कशाने होणार? तेव्हा १६४२ मध्ये नऊ येशूसंघीयांनी आळीपाळीने बसून अखंड चोवीस तास लंबकाचे झोके मोजले. लंबक थांबू नये म्हणून त्याला मधूनमधून हलकेच ढकलावे लागे, आणि मोजणी एकदाही चुकून चालण्यासारखे नव्हते. ८६ हजारांहून अधिक झोके! जपमाळेचे मणी ओढण्याची सवय असलेल्या बोटांनाही हे तप सोपे गेले नसावे. लांबी बदलून मोजणी पुन्हा करण्यात आली. त्यानंतर या सेकंदाच्या लंबकाच्या आधाराने एक आखूड लंबक बनविण्यात आला. तो एका सेकंदात सहा झोके घेई. त्यामुळे सेकंदाच्या सहाव्या भागापर्यंत वेळ मोजता येऊ लागली.

दुसरी गरज उंचीची. ती बोलोन्याने आधीच पुरविली होती. बाराव्या शतकाच्या आरंभी उभारलेला असिनेल्लीचा मनोरा ९७ मीटर उंच आहे आणि तो आजही शहराच्या मध्यभागी, किंचित कललेला, उभा आहे. त्याच्या आतील लाकडी जिन्याला जवळजवळ पाचशे पायऱ्या आहेत. धर्मगुरूंचे झगे सावरीत, गोळ्यांच्या टोपल्या आणि लंबक घेऊन ही मंडळी तो जिना चढली. कमी उंचीसाठी त्यांनी शहरातील इतर इमारतींचाही उपयोग केला.

खडूच्या मातीचे, प्रत्येकी आठ औंसांचे गोळे वेगवेगळ्या उंचींवरून सोडण्यात आले. निष्पन्न झालेले आकडे असे: आखूड लंबकाच्या ५ झोक्यांत गोळा १० रोमन फूट पडला, १० झोक्यांत ४० फूट, १५ झोक्यांत ९० फूट, २० झोक्यांत १६० फूट, आणि २५ झोक्यांत २५० फूट. वाचकांनी क्षणभर थांबून वजाबाकी करून पाहावी. पहिल्या पाच झोक्यांत १० फूट, पुढच्या पाचांत ३०, त्यापुढे ५०, ७० आणि ९०. एक, तीन, पाच, सात, नऊ. जी माळ गॅलिलिओने पन्हळीत पाहिली होती तीच मनोऱ्यावरून पडणाऱ्या गोळ्यांनीही ओवून दाखविली.

याच तक्त्यावरून आजच्या मापात गुरुत्वाच्या वेगवाढीचे मूल्य काढले तर ते ९.८ मीटर या आपल्या पाठ्यपुस्तकातील आकड्याहून थोडेसे कमी येते. साखळीचा लंबक, मातीचे गोळे आणि माणसाचे डोळे यांपलीकडे साधन नसताना साधलेली ही अचूकता थक्क करणारी आहे. शंभर हातांस पाच सेकंद हा गॅलिलिओचा आकडा त्यांनी दुरुस्त केला आणि गॅलिलिओचा नियम मात्र पक्का केला.

यानंतर त्यांनी जे केले ते आम्हाला आकड्यांहूनही मोलाचे वाटते. नियम खरा ठरल्याची खात्री पटताच रिच्चोली आणि ग्रिमाल्दी ती वार्ता घेऊन काव्हालिएरी यांच्याकडे गेले. काव्हालिएरी गॅलिलिओचे शिष्य, आणि गॅलिलिओ धर्मन्यायालयाने दोषी ठरविलेला. ज्याचे मत खोडून काढावे म्हणून मनोरा चढलो, तोच बरोबर निघाला, हे त्याच्या शिष्याला आपण होऊन सांगायला जाणे सोपे नसते. काव्हालिएरी यांना अर्थातच आनंद झाला. एका नगरातले, दोन निरनिराळ्या संघांचे हे व्रतस्थ, विश्वाच्या रचनेविषयी परस्परविरोधी मते बाळगणारे. त्यांना मातीच्या गोळ्यांनी एका बाकावर आणून बसविले.

हलका गोळा मागे का राहिला?

रिच्चोली यांनी गॅलिलिओची बाजू जशी मान्य केली तशी जिथे प्रयोग वेगळे बोलला तिथे तेही लिहून ठेवले. गॅलिलिओचे म्हणणे असे होते की १०० हात उंचीवरून सोडलेल्या जड आणि हलक्या गोळ्यांत पोहोचताना फार तर दोन बोटांचा फरक पडेल. रिच्चोली यांनी आकाराने सारखे असे मातीचे दोन गोळे घेतले. एक पोकळ, १० औंसांचा, दुसरा भरीव, २० औंसांचा. असिनेल्लीवरून दोन्ही एकाच वेळी सोडले असता जड गोळा जमिनीवर आदळला तेव्हा हलका किमान १५ फूट वर होता.

मग ॲरिस्टॉटल बरोबर होता काय? मुळीच नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुप्पट जड गोळा पोहोचला तेव्हा हलका निम्म्याच वाटेवर असायला हवा होता. हा फरक हवेचा होता. सारख्या आकाराच्या दोन गोळ्यांना हवेचा विरोध सारखाच होतो. परंतु ज्याचे वजन कमी त्याला तो अधिक जाणवतो. निर्वात जागेत हा फरक नाहीसा होतो, हे पुढे हवापंपांनी दाखविले.

हवेचे हे कर्तृत्व क्रिकेटच्या मैदानावर आपण रोज पाहतो. उंच टोलवलेला चेंडू खरी अन्वस्त रेषा कधीच काढीत नाही. त्याची उतरती बाजू चढत्या बाजूपेक्षा अधिक उभी असते. फिरकी दिलेला चेंडू हवेतच एका बाजूला वळतो, याचे कारणही चेंडूच्या फिरण्याने भोवतालच्या हवेचा प्रवाह एका बाजूला वळविला जातो हे आहे. रॅकेटने तिरप्या मारलेल्या टेनिसच्या चेंडूची ही वाकडी वाट न्यूटनने १६७२ मध्येच नोंदविली होती; बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांसंबंधी तिचा विचार केला, आणि १८५२ मध्ये हाइनरिश मॅग्नस याने प्रयोगशाळेत तिचा अभ्यास केल्यावर तिला त्याचे नाव मिळाले.

बरोबर तर्क, चुकलेला निष्कर्ष

पृथ्वी फिरते काय, या मुख्य वादात मात्र रिच्चोली दुसऱ्या बाजूला राहिले. तोफेचा गोळा, जहाज आणि मनोरा ही या वादाची ठरलेली उदाहरणे होती. 'पृथ्वी फिरत असती तर वर फेकलेला दगड मागे पडला असता' हा जुना आक्षेप फार पूर्वीचा. त्याचे उत्तर १६४० मध्ये फ्रान्समधील धर्मगुरू पिएर गासेंदी यांनी मार्सेयच्या समुद्रात दिले. वेगाने वल्हवल्या जाणाऱ्या गलबताच्या डोलकाठीवरून सोडलेला गोळा मागे न पडता डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला. धावत्या आगगाडीत उडविलेला चेंडू परत आपल्याच हातात येतो, त्याचेच हे रूप.

रिच्चोली यांना हे उत्तर ठाऊक होते आणि म्हणून त्यांनी अधिक खोल विचार केला. फिरत्या पृथ्वीवर विषुववृत्ताजवळची जमीन वेगाने पूर्वेकडे धावेल आणि ध्रुवाजवळची सावकाश. तेव्हा उत्तरेकडे डागलेला तोफेचा गोळा आपल्याबरोबर दक्षिणेकडचा अधिक वेग घेऊन जाईल आणि निशाणाच्या किंचित पूर्वेला पडेल. असे होताना दिसत नाही. म्हणून पृथ्वी फिरत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

या युक्तिवादाचा पहिला भाग शंभर टक्के बरोबर आहे. गोळा खरोखरच ढळतो. ज्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने आज हा परिणाम ओळखला जातो त्या कोरिओलिसचा निबंध १८३५ चा. रिच्चोली त्याच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षे पुढे होते. चूक झाली ती मापात. एक किलोमीटर अंतर पाच सेकंदांत कापणारा गोळा बोलोन्याच्या अक्षांशावर जेमतेम वीतभर ढळेल. सतराव्या शतकातल्या कोणत्या तोफेचा नेम एक किलोमीटरवर वीतभराच्या आत लागत होता? जे दिसले नाही ते नाहीच, असे मानण्याची घाई येथे नडली. मोजणीच्या बाबतीत एवढा कडक असलेला माणूस येथे मोजल्यावाचून बोलला.

त्यांचा हा निष्कर्ष केवळ तर्कातून आला की १६३३ च्या निकालाचे ओझेही त्यांच्या मनावर होते? आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या व्रतस्थाच्या बाबतीत हे दुसरे कारण नाकारता येणार नाही. तथापि त्यांनी आपल्या ग्रंथात पृथ्वीच्या भ्रमणाच्या बाजूचे ४९ आणि विरुद्धचे ७७ युक्तिवाद सविस्तर मांडले, कोपर्निकसच्या बुद्धीची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि गॅलिलिओविरुद्धचा निकालही तेथेच छापला. वाचकाला दुसरी बाजू समजू नये असा त्यांचा हेतू असता तर त्यांनी एवढा खटाटोप केला नसता.

त्याच मनोऱ्यावरून पुन्हा

१६७९ मध्ये न्यूटनने रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात सुचविले की पृथ्वी फिरत असेल तर उंचावरून सोडलेला गोळा मागे, म्हणजे पश्चिमेला, पडण्याऐवजी उलट किंचित पूर्वेला पडेल. कारण मनोऱ्याचा माथा पायथ्यापेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतो आणि म्हणून त्याचा वेग अधिक असतो. हे पाहण्यासाठी १७९० नंतर बोलोन्याचेच गणितज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता गुल्येल्मिनी चढले ते त्याच असिनेल्लीच्या मनोऱ्यावर. सुमारे ७८ मीटर उंचीवरून त्यांनी गोळे सोडले. गणिताप्रमाणे तेवढ्या उंचीवर अपेक्षित ढळ केवळ ११ मिलिमीटरांचा, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी. वाऱ्याची झुळूक, रस्त्यावरील गाडीचा धक्का, सोडताना थरथरलेला दोरा, कशानेही तो पुसला जावा. त्यांची मापे गणिताशी तंतोतंत जुळली नाहीत, पण गोळे पूर्वेकडे ढळले एवढे दिसून आले.

१८०२ मध्ये योहान बेंझेनबर्ग याने हँबर्गच्या सेंट मायकल चर्चच्या मनोऱ्यातून ७६ मीटरांवरून गोळे सोडून ९ मिलिमीटर ढळ मोजला. १८३१ मध्ये फर्डिनांड राइश याने जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणीत १५८ मीटर खोल गोळे टाकले आणि २८ मिलिमीटर ढळ नोंदविला. १८५१ मध्ये फूकोने पॅरिसमध्ये आपला प्रसिद्ध लंबक टांगून पृथ्वीचे भ्रमण सर्वसामान्यांच्याही डोळ्यांना दाखविले. दरम्यान १८३५ च्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून गॅलिलिओचा ग्रंथ वगळण्यात आला होता. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक, येशूसंघाचे फादर योहान हागेन यांनी स्वतः पडत्या वजनांच्या साहाय्याने पृथ्वीच्या भ्रमणाचा नवा पुरावा सादर केला. ज्या संघाच्या सदस्याने पडत्या गोळ्यांचा नियम मोजला, पण पृथ्वी स्थिर मानली, त्याच संघाच्या दुसऱ्या सदस्याने ते उरलेले काम पुरे केले.

चंद्रावरची नावे

रिच्चोली यांच्या ग्रंथात ग्रिमाल्दींनी रेखाटलेला चंद्राचा नकाशा आहे आणि त्यावर रिच्चोली यांनी दिलेली नावे आजही जगभर वापरात आहेत. ज्या कोपर्निकसचे मत त्यांनी नाकारले त्याच्या नावाने त्यांनी चंद्रावरील एक अत्यंत ठळक विवर ओळखले जावे असे केले. जुलै १९६९ मध्ये मानवाने पाऊल ठेवले तो शांततेचा समुद्र, हे नावही त्यांचेच. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑगस्ट १९७१ रोजी, त्यांनीच नाव दिलेल्या पर्जन्यसमुद्राच्या काठाशी उतरलेल्या अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. तेथे हवा नाही. हातोडा आणि पीस बरोबरच चंद्राच्या धुळीत पडले. असिनेल्लीवरून पंधरा फूट मागे राहिलेल्या पोकळ गोळ्याचा हिशोब तेथे चुकता झाला.

या सर्व हकिगतीतून चर्चचे समर्थन करावे असा आमचा उद्देश नाही. गॅलिलिओवर अन्याय झाला आणि काही रिच्चोली झाले म्हणून तो अन्याय कमी होत नाही. वृद्ध, आंधळ्या माणसाला घरातच कोंडणाऱ्या निकालापुढे आकड्यांचे तक्ते ठेवता येत नाहीत. तथापि आपली मुले महाविद्यालयात जातात, तिथे 'तुमच्या धर्माने विज्ञानाचा गळा घोटला' हे वाक्य ऐकतात आणि घरी येऊन गप्प बसतात किंवा तावातावाने भांडतात. दोन्हींपैकी काहीच उपयोगाचे नाही. त्यांना संपूर्ण गोष्ट सांगितली पाहिजे: निकालाची आणि मोजणीचीही, रिच्चोली यांच्या प्रामाणिकपणाची आणि त्यांच्या चुकलेल्या निष्कर्षाचीही. श्रद्धावान माणसाकडून चूक होते, तशीच आज्ञेच्या दडपणाखाली अधिक होते. परंतु जी गोष्ट मोजून खरी ठरली ती प्रतिपक्षाची असली तरी लपवायची नाही, हेही व्रत त्याच श्रद्धेतून येऊ शकते.

आपल्या धर्मग्रामांतील युवकांनी हा तक्ता एकदा कागदावर मांडून पाहावा. दहा, चाळीस, नव्वद, एकशे साठ, दोनशे पन्नास. या पाच आकड्यांसाठी नऊ माणसांनी एक दिवस आणि एक रात्र जागून लंबकाचे झोके मोजले होते, आणि उत्तर आपल्या मनासारखे आले नाही म्हणून त्यांतला एकही आकडा त्यांनी बदलला नाही.